दवाखान्याची पायरी त्यांना इतकी उंच का वाटते?

कोर्टाचा निकाल आला, सरकारने योजना काढली, अमुक शहरात पारलिंगी रुग्णांसाठी ओपीडी सुरू झाली, अशा बातम्या हल्ली बेळगावातल्या पेपरातही वाचायला मिळतात. त्या वाचून कट्ट्यावर एक प्रश्न हमखास निघतो, "ताप आला तर ताप, हाड मोडलं तर हाड. ह्यांना वेगळं काय लागतंय?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं. त्याला खरंच माहीत नसतं. म्हणून हा लेख.

या लोकांचे आजार बहुतेक तुमच्या-माझ्यासारखेच असतात. साखर, बीपी, मुतखडा, पित्त. फरक पडतो तो दवाखान्यात पोचायला लागणाऱ्या वेळेत. गाठ लागली की आठवड्यात डॉक्टरकडे जाणारा माणूस आणि तीच गाठ वर्षभर अंगावर काढणारा माणूस, यांचा आजार एकच असला तरी शेवट एक राहत नाही. हा उशीर कुणाच्या हलगर्जीपणातून येत नाही. तो दवाखान्याच्या अगदी साध्या, रोजच्या कामकाजात तयार होतो.

आधी चार शब्द

जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झाली पण जी स्वतःला बाई म्हणून ओळखते, ती पारलिंगी बाई; याच्या उलट तो पारलिंगी पुरुष. आपल्यासारख्याच लिंगाच्या माणसावर प्रेम असणारे समलिंगी. या आणि अशा सगळ्यांना मिळून क्वीअर म्हणतात. शरीर आणि आतली ओळख यांचा मेळ बसावा म्हणून काही पारलिंगी माणसं डॉक्टरच्या देखरेखीखाली हार्मोन घेतात, काही शस्त्रक्रिया करून घेतात, आणि बरेच जण यातलं काहीच करत नाहीत.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या जत्रेत आपण जोगप्पांच्या, म्हणजे देवीला वाहिलेल्या, साडी नेसणाऱ्या पारलिंगी भक्तांच्या, पाया पडतो, जोगवा वाढतो, कपाळाला भंडारा लावून घेतो. तीच व्यक्ती ओपीडीच्या बाकावर शेजारी येऊन बसली की माणसं सरकून बसतात. भक्तीचा मान दवाखान्याच्या दारापर्यंत पोचत नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी मला त्याचा राग आला आहे.

खिडकीपाशीच माणूस परत फिरतो

केसपेपरच्या खिडकीवर नाव, वय, लिंग, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आधार कार्ड एवढं विचारतात. तुमच्या-माझ्यासाठी अर्ध्या मिनिटाचं काम. ज्याच्या आधारवर जुनं नाव आहे आणि अंगावर साडी आहे, त्याच्यासाठी तेवढ्यातच सगळं उघडं पडतं, तेही मागे रांगेत वीस माणसं उभी असताना.

खानापूर तालुक्यातल्या माझ्या ओळखीच्या एका पारलिंगी बाईंना पोटात कळा येत होत्या. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले म्हणून सर्जनला दाखवायला आम्ही बेळगावात आलो. नंबर आला तेव्हा आतून त्यांचं जुनं, पुरुषाचं नाव मोठ्याने पुकारलं गेलं. दोनदा, मग तिसऱ्यांदा. त्या जागच्या हलल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत राहिल्या, कारण उठल्या असत्या तर सगळ्या बाकांना कळलं असतं. पुढचा नंबर आत गेला. शेवटी मी आत जाऊन सिस्टरांच्या कानावर घातलं. त्या बाहेर आल्या, शेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, "आधी सांगायचं की हो अक्का. चला, मी नेते." आडनाव आणि नंबर एवढंच पुकारलं असतं तर हेही घडलं नसतं. मी सोबत नसते तर त्या तशाच बस धरून गावी गेल्या असत्या. पित्ताशयाला सूज येऊन मध्यरात्री ॲम्ब्युलन्समधून येणारे रुग्ण कधीकधी असेच आधी एकदा दारातून परत गेलेले असतात.

हे सीमाभागातल्या मराठी माणसाला कळायला अवघड जाऊ नये. फक्त मराठी येणारी एखादी म्हातारी सरकारी दवाखान्यात जाते, पाटी कन्नडमध्ये, फॉर्म कन्नडमध्ये, औषधाच्या चिठ्ठीवरच्या सूचनाही तशाच. तिला कुणी अपशब्द बोललेलं नसतं. तरी ही जागा माझ्यासाठी नाही असं तिला वाटतं आणि पुढच्या खेपेला ती म्हणते, "जाऊ दे, घरीच बरं वाटेल." पारलिंगी माणसाला हे वाटणं दर खेपेला आणि प्रत्येक टेबलावर येतं. फरक इतकाच की म्हातारीसोबत वाचून दाखवायला नातू जातो. यांच्यासोबत बहुधा कुणी नसतं.

खिडकीनंतर वॉर्ड. पुरुषांचा की बायकांचा? यावर तास-तास चर्चा झालेली आणि तोवर स्ट्रेचर पॅसेजमध्ये उभं राहिलेलं ऐकण्यात येतं. यात गुंतागुंत फारशी नाही. तुम्हाला कुठे सुरक्षित वाटेल हे रुग्णालाच विचारायचं, पडदा असलेली किंवा कडेची खाट द्यायची.

"लग्न झालंय का?"

आपल्याकडे स्त्रीरोगतज्ज्ञ हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना लग्नाशी देणं-घेणं नसतं. शरीरसंबंध आलेत का, हे त्यांना आडून जाणून घ्यायचं असतं. कोणती सोनोग्राफी करायची, गर्भाशयमुखाची तपासणी करायची का, गरोदरपणाची चाचणी लावायची का, हे सगळं त्या उत्तरावर ठरतं.

आता एखादी समलिंगी बाई काय सांगणार? "नाही" म्हटलं तर गरजेची तपासणीच होत नाही. "हो" म्हटलं तर नवऱ्याचं नाव, मुलं किती, अजून का नाहीत, अशी प्रश्नांची रांग लागते. खरं सांगायचं तर दारात सासू-सुना बसलेल्या, पडदा अर्धा उघडा आणि सिस्टर मावशींच्या गल्लीतल्या. ती "नाही" म्हणते आणि घरी येते.

पारलिंगी पुरुषाची अडचण याहून बिकट. दाढी-मिशा असलेला माणूस ओटीपोटाच्या सोनोग्राफीला जातो, "पेशंट कोण? बाईंना आत पाठवा," असं त्याला सांगतात. हार्मोन सुरू केल्यावर काही महिन्यांत पाळी सहसा थांबते, पण पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणारच नाही असं नाही. गर्भाशयमुख शरीरात आहे तोवर त्याच्या कॅन्सरची तपासणी लागतेच. तसंच पारलिंगी बाईने शस्त्रक्रिया करून घेतली तरी प्रोस्टेट ग्रंथी आत राहते आणि तिचे आजार होऊ शकतात. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. जो अवयव शरीरात आहे त्याची काळजी घ्यायची, कार्डावर काय छापलंय ते बाजूला ठेवून.

रिपोर्टवरचा तो "एच"

लॅबचा रिपोर्ट आला की आपण आधी ठळक अक्षरं शोधतो. एच म्हणजे जास्त, एल म्हणजे कमी. हे जास्त-कमी ठरतं लिंगानुसार. हिमोग्लोबिन पुरुषात १३ च्या खाली आणि बाईत १२ च्या खाली गेलं तर रक्त कमी मानतात. वरच्या मर्यादाही अशाच वेगळ्या असतात.

एक पारलिंगी पुरुष वर्षभर टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-हार्मोन घेतोय, हिमोग्लोबिन १६ आहे. नोंद "स्त्री" अशी असेल तर कागदावर एच येतो, सोबतचे घाबरतात, पुढच्या तपासण्या लागतात. टेस्टोस्टेरॉनने रक्त वाढतंच आणि पुरुषाच्या मापाने १६ ठीकच आहे. उलट बाजूला खरा धोकाही असतो. रक्त फारच दाट झालं तर गाठी होण्याची भीती असते आणि डोस कमी करावा लागतो. म्हणजे डॉक्टरला दोन्ही गोष्टी माहीत हव्यात, जन्माची नोंद काय होती आणि आज कोणतं औषध चालू आहे. रुग्णाने भीतीने यातली एक जरी लपवली तरी रिपोर्ट चुकीचा वाचला जातो. किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिनही याच जातीचं आहे.

दुसरं टोकही आहे. डॉक्टरला एकदा कळलं की हा पारलिंगी आहे, मग हात मोडून आलेल्या माणसालाही "हार्मोन कधीपासून? ऑपरेशन झालंय?" असे प्रश्न सुरू होतात. खोकला असो की खरूज, सगळ्याचं खापर हार्मोनवर फुटतं. म्हणून विचारताना एवढंच बघावं की आजच्या दुखण्याशी या प्रश्नाचा संबंध आहे का. संबंध असेल तर कारण सांगून विचारावं, रुग्ण उत्तर देतो.

मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या

जिल्ह्याच्या गावीही हार्मोनवर मोकळेपणाने बोलणारा डॉक्टर सहज मिळत नाही. मग एकीचं ऐकून दुसरी माला-डी आणते. या पाळणा लांबवण्याच्या गोळ्या स्वस्त असतात आणि कुणी विचारतही नाही. एका गोळीत इथिनिल इस्ट्राडिऑल नावाचं स्त्री-हार्मोन ०.०३ मिलिग्रॅम असतं. लवकर फरक दिसावा म्हणून दिवसाला चार-पाच घेणाऱ्या आहेत. याच प्रकारच्या हार्मोनने रक्तात गाठी होण्याचा धोका वाढतो, तंबाखू ओढणारीला तर जास्तच. गाठ फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. जाणकार डॉक्टर या कामासाठी वेगळं इस्ट्राडिऑल मोजून देतात आणि ठरावीक काळाने रक्त तपासतात.

कुणी अशा गोळ्या घेत असेल तर ओरडून उपयोग नाही, ती लपवायला लागेल. एक पोटरी सुजली, गरम लागली, दुखली, किंवा अचानक धाप लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि गोळ्यांचं पाकीट सोबत न्यायचं, एवढं तिच्या मनावर ठसवा. कुठल्याही ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरलाही हे सांगावंच लागतं.

एचआयव्हीची खिडकी

एचआयव्हीचं प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही मोजली जात. त्यामुळे या समाजापर्यंत आरोग्यखातं पोचलं ते मुख्यतः एचआयव्हीच्या कार्यक्रमातून. त्याने असंख्य जीव वाचवले, हे मान्यच करायला हवं. पण त्याची सावली अशी पडली की समलिंगी पुरुष किंवा तृतीयपंथी समोर आला की आधी एचआयव्ही चाचणीची चिठ्ठी फाडली जाते, मग तो कानाच्या दुखण्याने आलेला का असेना. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार ही चाचणी समजावून सांगून, संमती घेऊनच करायची असते आणि निकाल गुप्त ठेवायचा असतो. कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

रक्तदानाचंही असंच. शिवजयंतीला, गणपतीत गल्लोगल्ली शिबिरं होतात. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी पारलिंगी व्यक्ती आणि पुरुषांशी संबंध असलेले पुरुष यांना रक्तदानातून सरसकट वगळलं. वागणं न बघता गटच बाद केला, म्हणून २०२१ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. रक्त सुरक्षित हवं यात वाद नाही. पण प्रत्येक रक्तपिशवीची एचआयव्हीसह ठरलेली तपासणी होतेच, आणि एकनिष्ठ जोडीदार असलेला समलिंगी तरुण शिबिराच्या टेबलावरून परत पाठवला जातो, तर चार ठिकाणी संबंध असलेला दुसरा "नाही" वर खूण करून रक्त देऊन येतो. हे मला तर्काला धरून वाटत नाही.

"उपचार करून बरं करता येत नाही का?"

हा प्रश्न आईवडील विचारतात, पोटतिडकीने विचारतात, म्हणून थोडं सविस्तर. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. २०२२ पासून लागू झालेल्या नव्या यादीत पारलिंगी असणं मनोविकारांत नाही. ते लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवलं आहे. हार्मोन किंवा शस्त्रक्रिया ज्यांना हवी त्यांना ती डॉक्टरकडून मिळावी, विम्यात बसावी, म्हणून यादीत नोंद राहिली.

आजारच नाही तर बरं काय करणार? तरी मुलाला शॉक द्या, गोळ्या द्या, लग्न लावून द्या, देवऋष्याकडे न्या, हे चालू असतं. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निर्णयानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये, लैंगिक ओळख बदलण्याचे असे "उपचार" करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. कुणी डॉक्टर महिन्याच्या पॅकेजवर मुलगा सरळ करून देतो म्हणत असेल तर त्याची तक्रार होऊ शकते.

मानसोपचारतज्ज्ञाची गरज पडते ती झोप उडाली, जीव नकोसा झाला, तेव्हा. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा लिंग किंवा लैंगिक कल यावरून भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्क देतो. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही.

"डॉक्टरांना तरी कुठं शिकवलंय?"

खरं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये एमबीबीएसच्या न्यायवैद्यक अभ्यासक्रमात दोन बायकांमधले संबंध पुन्हा अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यांच्या यादीत आले होते. सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिकता गुन्हा नाही असं ६ सप्टेंबर २०१८ ला सांगून सहा वर्षं होत आली होती. ओरड झाली आणि काही दिवसांत तो मसुदा मागे घेतला गेला. आज पन्नाशीत असलेल्या डॉक्टरने तर तेच शिकून परीक्षा दिलेली आहे. म्हणून मी सगळ्या डॉक्टरांना दोष देत नाही. पण रुग्ण समोर बसल्यावर "मला याची माहिती कमी आहे, विचारून सांगतो," असं म्हणायला कुठलीही डिग्री लागत नाही.

"सरकारी पैशाने ऑपरेशन कशाला?"

२०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्तींना दवाखान्यात योग्य उपचार मिळावेत असं सरकारला बजावलं. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याच्या कलम १५ मध्ये हार्मोन, शस्त्रक्रिया, समुपदेशन आणि विम्याची जबाबदारी सरकारवर टाकली. कायदा बाजूला ठेवून नुसता व्यवहार बघितला तरी हिशेब तोच येतो. दवाखान्यात सोय नसते तिथे लिंग आणि अंडकोष काढण्याचं काम कुठल्यातरी खोलीत, भूल न देता होतं. वाचलेल्यांना लघवीची वाट अरुंद होऊन वर्षानुवर्षं नळी टाकून घ्यावी लागते. तो खर्चही शेवटी सरकारी दवाखान्यावरच येतो.

दोन राज्यांच्या मधे

निपाणी-चिक्कोडीचे लोक कोल्हापूर-मिरजेला जातात, खानापूरचे बेळगावला नाहीतर गोव्याला, चंदगडचे बेळगावला येतात. ही जुनीच वहिवाट आहे. क्वीअर रुग्णांच्या बाबतीत तिला आणखी एक कारण असतं, ओळख निघू नये. गावातला कंपाउंडर आतेभावाचा मित्र असतो, संध्याकाळपर्यंत घरी कळतं. मग एक तपासणी मिरजेत, दुसरी बेळगावात, औषध तिसऱ्याच गावचं, आणि सगळा इतिहास एकाही डॉक्टरसमोर नाही. यावर साधा उपाय म्हणजे एकच फाइल. चालू औषधांची नावं आणि डोस एका कागदावर लिहून ती प्रत्येक ठिकाणी सोबत न्यावी.

योजनांचं तर त्रांगडंच आहे. कर्नाटकाची आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना देण्याचं ठरवलं, त्याला कर्नाटक सरकारने विरोध केला. पारलिंगी व्यक्तींसाठी केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या आयुष्मान संरक्षणाचा करार केला, त्यासाठी पारलिंगी ओळख प्रमाणपत्र लागतं. यातलं कोणतं कार्ड कुठे चालेल हे दाखल होण्याआधी त्या दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावं. आधार, रेशनकार्ड आणि प्रमाणपत्रावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, हे त्याहून आधी बघावं. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. त्यात नावच बदललेलं असेल तर फाइल अडणार हे धरून चाला.

सही कुणाची?

"नातेवाईक कोण आहे? सही करा." वीस वर्षं सोबत राहिलेला जोडीदार बाहेर उभा असतो आणि तोंड न बघणाऱ्या भावाला फोन लावला जातो. रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर उपचाराची संमती त्याची स्वतःची. दुसऱ्या कुणाच्या सहीवाचून उपचार अडवणं योग्य नाही. तो बेशुद्ध झाला तर पेच पडतो. म्हणून आपल्याबद्दल कुणाशी बोलावं हे आधीच सहीनिशी लिहून फाइलमध्ये ठेवलेलं बरं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवलं. त्यात जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, असं कळवलं आहे.

उपचार नाकारले तर

अपघात किंवा जिवावरचं दुखणं असेल तर सरकारी काय आणि खाजगी काय, कुठल्याही डॉक्टरला पहिले उपचार नाकारता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ मध्येच सांगितलं आहे. पारलिंगी म्हणून उपचार नाकारणं, मधेच थांबवणं किंवा वाईट वागवणं याला २०१९ च्या कायद्याच्या कलम ३ ची मनाई आहे. सरकारी दवाखान्यात आधी वैद्यकीय अधीक्षकांकडे जावं. डॉक्टरच्या वागण्याबद्दल कर्नाटक मेडिकल कौन्सिलकडे लिहिता येतं. खाजगी दवाखान्यांसाठी राज्याच्या खाजगी वैद्यकीय आस्थापना कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने रुग्णहक्कांची सनद आणि जिल्हा पातळीवर तक्रारीची सोय आली आहे.

तक्रार लेखी द्या. तारीख, वेळ, कोणता विभाग, कोण काय बोललं ते त्याच दिवशी लिहून काढा, आठवड्याने शब्द आठवत नाहीत. केसपेपरची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या. कन्नड लिहिता येत नसेल तर येणाऱ्या कुणाला तरी शेजारी बसवा, आणि सही करण्याआधी त्याने लिहिलेलं सगळं मराठीत वाचून दाखवायला सांगा.